कॅप्सूलचं विरजण

आमच्या लेकीला एमएस आहे. म्हणजे अंगातली रोगाशी लढायची ताकदच तिच्या नसांवर उलटते. कधी पाय बधिर, कधी नजर धूसर. उकाड्यानं त्रास वाढतो म्हणून ती आमच्याकडं लोणावळ्याला येते. यंदा पावसाळाही इथंच काढला.

पुण्याच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळीच्या जोडीला प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. म्हणाले, "यात चांगले, जिवंत जंतू असतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे शरीराला आतून चढणारा गंज समजा. त्याला यानं थोडा आळा बसत असेल, खात्री नाही. गोळी मात्र सोडायची नाही."

आता लोणावळ्याच्या माणसाला गंज काय समजावून सांगायचा? पावसात दाराच्या कडीला हात लावला की बोटं तांबडी! पण आमच्या ह्यांनी गंज ऐकला, जिवंत जंतू ऐकले, आणि पुढचं सगळं खिडकीबाहेर सोडून दिलं.

घरी आल्या आल्या कॅप्सूल फोडली आणि कोमट दुधात!

"अहो, हे काय?"

"जित्तं हाय न्हवं? मग विरजण लागंल की. एकटीनं गिळायचं कशाला, समद्यांनी खाऊ."

आमच्या हवेत दही लागता लागत नाही. ह्यांनी पातेलं गोधडीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं, आणि सकाळी सुरीनं कापावं असं दही! झालं. गल्लीत बोभाटा. विरजण मागितलं की नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. रोज कुणीतरी वाटी घेऊन दारात. कुणाचं पित्त गेलं, कुणाचे गुडघे हलके झाले. शेजारीण तर म्हणाली, "वैनी, माजी शुगरची गोळी बी सुटंल असं वाटतंय."

मी कपाळावर हात मारला. पण खरं कपाळ बडवायची वेळ पुढं होती. एक दिवस लेक जिन्यावर कठडा धरून थांबली.

"काय गं?"

"डावा पाय जड वाटतोय."

"गोळी घेतेस ना?"

ती पायरीवर टेकली. मग म्हणाली, "दह्यानं बरं वाटत होतं गं. त्या गोळीनं पोट बिघडतं. म्हटलं, बघू सोडून."

"बघू? नसा काय भाजी आहे, चाखून बघायला?"

हे मागून म्हणाले, "वरडू नगं तिला."

"तुम्ही तर बोलूच नका!"

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, खंड पडलाय, आता गोळी मनानं परत सुरूही करू नका, तपासावं लागेल, उद्या घेऊन या. मी फोन ठेवला आणि घरातल्या सगळ्या दह्याची कढी केली. खळखळून उकळली. बघू कुठले जंतू जिवंत राहतात ते!

सकाळी निघायच्या घाईत शेजारीण वाटी घेऊन हजर. मी म्हटलं, "विरजण संपलं." उभ्या जन्मात मी कुणाची वाटी रिकामी धाडली नव्हती. तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात माझ्या खांद्याचा आधार घेत लेकच पुढं आली.

"मावशी, त्या दह्याच्या भरवशावर मी माझी गोळी सोडली, आणि आता चालायला आईचा खांदा लागतोय. तुमची शुगरची सोडू नका."

शेजारणीनं वाटी पदराखाली घेतली. "न्हाई गं बाय, घ्येते मी." आणि लेकीचा दुसरा हात धरून तिनंच तिला रिक्षापर्यंत नेलं.

हे छत्री उघडत माझ्याजवळ आले. वाटलं, आता तरी चुकलं म्हणतील.

म्हणाले, "कढी करायच्या आधी वाटीभर काढून ठिवायचं व्हतंस. लय घट्ट लागलं व्हतं."