नळावर भरलेल्या दोन बाटल्या

विहिरीवर पाटी लागली तेव्हा अरामे म्बेंग मासे साफ करत होती. पाटीवर लिहिलं होतं : रहिवाशांच्या शौचखड्ड्यांमुळे दूषित पाणी. खाली हुकूम : तीन महिन्यांत सगळे खड्डे बुजवा.

सोळा घरं. गटार कधी आलंच नाही. खड्डे बुजवल्यावर माणसांनी जायचं कुठं, ते पाटीवर नव्हतं.

"आमच्याच बुडाखालून विष निघतं म्हणे," अरामे म्हणाली. "आणि टेकडीवर टोमॅटोच्या मळ्यात पोती पोती खत ओततात, ते काय अत्तर?"

डाकारच्या या टोकाला एकोणतीस वर्षं अरामेच ही विहीर सांभाळत होती. दोर बदलायची, कठडा लिंपायची. सगळे तिला 'याय' म्हणत, म्हणजे आई.

पाणी तपासायला विद्यापीठातून पेंदा सार आली. पाण्यातलं हे विष, नायट्रेट, माणसाचं की पोत्याचं, ते त्यातल्या नत्रावरून कळतं, म्हणाली. मैल्यातला नत्र किंचित जड, कारखान्यातला हलका.

"याय, एवढ्या दोन बाटल्या विहिरीतून काठोकाठ भरून ठेवा. मी इमामांना भेटून येते."

अरामेनं बाटल्या घेतल्या. नळ कोरडा पडला की घरचे विहिरीचंच पाणी पीत. पण पाहुणीच्या हाती ते द्यायचं? आल्यागेल्याला त्या पाण्याचा चहासुद्धा तिनं कधी पाजला नव्हता. ती कोपऱ्यावरच्या नळावर गेली, बाटल्या भरल्या, पुसल्या, स्वच्छ फडक्यात बांधून दिल्या.

तीन आठवड्यांनी पेंदा आली ती पाय आपटतच.

"याय, हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"विहिरीचं पाणी उन्हात पडून राहत नाही. हे राहिलंय. हलकं उडून गेलंय, जड मागं उरलंय. हे तळ्याचं आहे. नळाला तळ्याचंच पाणी येतं."

"पाणी चुगली करतं होय?"

"करतं."

अरामेची मान खाली गेली. "पाहुण्याला घाण पाणी कोण देतं, पोरी?"

"मला ते प्यायचं नव्हतं हो, याय!"

पेंदानं अहवालात खरं तेच लिहिलं. पाटी लावणाऱ्या कचेरीतला साहेब टपलेलाच होता. बायका लबाड आहेत, म्हणाला. चाचणी संपली.

दुसऱ्या दिवशी अरामे त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. रांगेतले सगळे ऐकत होते.

"लबाडी नाही केली. लाज वाटली मला. तुम्हाला वाटते का? तुमच्यासमोरचा हा पेला कुठल्या पाण्यानं भरलाय, साहेब? तळ्याच्याच ना? मग एकदा आमच्या विहिरीवर या. मी भरते, तुम्ही बघा."

साहेब आला नाही. कारकून आला. सोळा घरच्या बायका कठड्याभोवती उभ्या राहिल्या. अरामेनं पोहरा सोडला, बाटल्या तीनदा विसळल्या, भरल्या. कारकुनानं बाटल्यांवर सही केली.

निकाल आला. नत्र हलका होता. पोत्यातला.

कचेरीतून एका ओळीचं पत्र आलं : खड्ड्यांबाबतचा हुकूम मागे घेण्यात येत आहे. मळ्याबद्दल अवाक्षर नाही. माफीचं तर नावच नको. पाटी काढायलाही कुणी फिरकलं नाही.

अरामेनं मासे खरवडायची सुरी आणली. 'रहिवाशांच्या शौचखड्ड्यांमुळे' आणि खालचा हुकूम, एवढंच खरवडलं, अक्षर अन् अक्षर. 'दूषित पाणी' तसंच ठेवलं. ते खरं होतं.

"मग तिथं कुणाचं नाव लिहायचं, याय?" शेजारणीनं विचारलं.

"मोकळं राहू दे. ज्यानं आमचं लिहिलं, त्यानंच येऊन मळेवाल्यांचं लिहावं."