पितळी पट्टीवरचा ठिपका

पांढऱ्या फडक्यावर आमच्या घराण्याचं शौर्य सुटं करून मांडलं होतं… नळी, घोडा, दस्ता, चार पेच. सेलूच्या त्या अरुंद दुकानात रॉकेल, जवसाचं तेल आणि जुनं लोखंड यांचा असा वास भरलेला असे की आजही पानात जवसाची चटणी आली की मी आधी ती हुंगते.

ठासणीची बंदूक ती. घोड्याखाली तांब्याची टोपी बसवली की उडणारी. थोरले चुलते दादाकाका सांगत, हैदराबादच्या दरबारानं ती पणजोबांना बहाल केली. पितळी पट्टीवर उर्दूत तसं कोरलंय. घरात उर्दू वाचणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे बहुमान वर्षागणिक वाढत गेला. प्रत्यक्षात तिनं ज्वारीवरची पाखरं तेवढी उठवली. दसऱ्याच्या पूजेआधी मात्र चिंच आणि विटेची पूड लावून ती लखलखीत घासायची आमची रीत — आणि तो मान माझा.

घोडा अडकला म्हणून दादाकाका मला घेऊन ती रहीमचाचांकडे आले. जुन्या बंदुका दुरुस्त करणारं त्यांचं घर. पेचांवर जोर नको म्हणून त्यांनी दोन दिवस नुसतं तेल सोडून ठेवलं होतं. घोडा उडवणारी आतली पोलादी कमान पाहून ते थबकले. ही कानस फिरलीय ती माझ्या आजोबांच्या हातची, म्हणाले; ते प्रत्येक बंदुकीवर आपलं नाव कोरत, पण नाव असलेली एकही मला अजून सापडली नाही. मग पट्टी घेऊन ते दारातल्या उजेडात गेले. मी कौतुकाची वाट पाहत उभी…

“मालक, ही कोन घासली?”

“आमची पोरगी. लय हौशी हाय.”

चाचांनी अंगठा पट्टीवरून सावकाश फिरवला. आजोबांच्या सगळ्या नावातला एक ठिपका उरला होता.

“मळ काढायचा असतो बेटा, अंग न्हाई,” ते एवढंच म्हणाले आणि तितक्याच निगुतीनं बंदूक जुळवायला बसले.

परतताना रेल्वेत मानवत रोड स्टेशन जाईपर्यंत काका दरबाराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पेडगावला पुन्हा सुरू झाले.

चाचा गेले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. बंदूक माझ्याकडे आहे. दसऱ्याला भाचरं म्हणतात, “मावशी, घासा की जरा, काळी दिसायलीय.” मी तेलाचं फडकं फिरवते… आणि पट्टीपाशी आले की फडकं बाजूला ठेवते. त्या ठिपक्याला तेल बोटानं लावते, जोर न देता.