खर्रा न खाणाऱ्याची गाठ

राळेगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. एके दिवशी दाढी करताना मानेवर गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दिवाळीच्या सुटीपर्यंत मी चालढकल केली. शेवटी बायकोनेच यवतमाळला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. गाठ तपासल्यावर कळलं, मूळ दुखणं टॉन्सिलमध्ये आहे आणि तो कॅन्सर आहे.

गावात पहिला प्रश्न निघाला तो हा, की मास्तर खर्रा कधीपासून खात होते? आमच्याकडे घशाचा कॅन्सर म्हणजे खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, हे लहान पोरही सांगतं. मीच तर ते वर्गात शिकवत आलोय. पोरांच्या खिशातल्या पुड्या काढून फेकल्यात. सुपारीचं खांडही मी कधी तोंडात टाकलेलं नाही. तरी पानठेल्यावर ठरलं, की लपून खात असणार.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, हा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे झालाय. त्याची लागण बहुतेकांना कधी ना कधी होते आणि शरीर त्याला आपसूक घालवतं. एखाद्याच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षांनी तिथल्या पेशी बिघडतात. तो शरीरसंबंधातून पसरतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कधी आला, कुणाकडून आला, हे कुणालाच सांगता येत नाही.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. बायको आता काय विचारते, याचीच मला धास्ती. तिने तपासणीचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "तो कुठून आला, हे मले इचारायचं नाही. जाते कसा, तेवढं पाहू."

रेडिएशन आणि केमोचे ते दिवस आम्ही नागपुरात एका खोलीत काढले. तोंड कोरडं पडे, वरणाचं पाणीही घशाला झोंबे. ती चमच्याने भरवत राहायची. मी चिडलो तरी चमचा खाली ठेवायची नाही. हळूहळू गाठ विरली. तपासण्या चालू आहेत, पण डॉक्टर समाधानी आहेत.

हाच विषाणू बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करतो आणि लहान वयात लस दिली तर तो बराचसा टाळता येतो, हे कळल्यावर आम्ही आधी आमच्या मुलीला लस दिली. मग मी पालकसभेत बोलायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, नुसतं कॅन्सर झाला म्हणा, बाकीचं कशाला? मी बाकीचंही सांगितलं.

एक बाप उठला. "गुरुजी, आमच्या पोरी काई तशा नाहीत."

"माझीही नाही," मी म्हणालो. "लस विषाणू यायच्या आधीच द्यायची असते. म्हणून आत्ता दिली."

सभा संपल्यावर बायांनी माझ्या बायकोला घेरलं. पोरींना ताप येतो का, पुढं लेकरं होतील ना, सगळं विचारून घेतलं. पुढच्या आठवड्यात काही आया आपापल्या मुलींना घेऊन यवतमाळच्या जीपमध्ये बसल्या. माझी बायको सोबत गेली.

तो बाप अजून तयार नाही. बाजारात भेटला की मी विषय काढतो, तो कापसाच्या भावावर नेतो. परवा त्याच्या घरीच जाणार आहे.