सहाव्या पानावरचा सॅक्सोफोनवादक

गेल्या वर्षी एका रविवारी आमच्या दैनिकाने पेठ वडगावच्या एका बँडवाल्याचा फोटो अमेरिकन जॅझवादकाचा म्हणून छापला. अमेरिकन वादकाला जाऊन कित्येक वर्षे झाली होती. बँडवाले हयात होते. फोटोखाली जन्माचे आणि मृत्यूचे, अशी दोन्ही वर्षे होती.

अमेरिकेतल्या जॅझवादकांच्या आणि गायिकांच्या आयुष्यावर मी कोल्हापूरच्या रविवार पुरवणीत सहाव्या पानावर सदर लिहीत असे. वाचकांची मागणी नव्हती. पानात कोपरा उरत होता. साचा पहिल्या महिन्यातच ठरला: गरीब बालपण, अलौकिक प्रतिभा, दारू किंवा त्याहून वाईट काही, तीन लग्ने, हॉटेलच्या खोलीत मृत्यू. ज्यांनी वेळेवर जेवून एकाच बायकोबरोबर संसार केला, ते वादक सदरात घेतले नाहीत. संगीताला शेवटचा परिच्छेद मिळे. जाहिरात आली की मजकूर तळाकडून कापायचा, हा डेस्कचा नियम. त्यामुळे संगीत कधी छापून आलेच नाही.

आठ महिन्यांत एकच वाचक कार्यालयात आला. वय पासष्टच्या पुढे, पेठ वडगावच्या लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षे सॅक्सोफोन वाजवलेला. पिशवीत माझ्या सदराची सगळी कात्रणे होती.

"पावणं, ह्या गड्याचं दात पडलं म्हणून लिवलंय तुमी," एक कात्रण पुढे करून ते म्हणाले. "बायका लिवल्या, दारू लिवली. दात पडल्यावर वाजवत कसा हुता, ते न्हाय लिवलं."

मला माहीत नव्हते. तसे सांगितले.

"मग लिवता कशापायी?"

त्यांचे स्वतःचे वरचे दोन दात गेले होते. माउथपीसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून, त्यावर ओठ दाबून ते वाजवत. अमेरिकनाचीही हीच युक्ती होती का, एवढेच त्यांना हवे होते. म्हणजे, आधी एवढेच म्हणाले.

मग दुसरे काम निघाले. बँडच्या मालकाने डीजे घेतला होता. डीजेला दात लागत नाहीत. यांनी वृद्ध कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज केला होता आणि त्याला कलाकार असल्याचा पुरावा हवा होता: वर्तमानपत्रातले नावाचे कात्रण. मुदत पुढच्या शुक्रवारी संपत होती.

"साहेबाला म्हटलं, हितंच वाजवून दावतो की. तर म्हणतोय, वाजवल्यालं फायलीला लागत न्हाय."

मी संपादकांना विचारले.

"बँडवाल्याची बातमी? काय झालंय त्याला?"

"काही नाही."

"मग बातमी कशाची?"

त्या रविवारी सदरात एका अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा क्रमांक होता. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात मी वडगावच्या वादकांचे नाव, चाळीस वर्षे आणि ट्यूबचा तुकडा घातला. सोबत त्यांचा बँडच्या ड्रेसमधला फोटो दिला. शनिवारी संध्याकाळी कळंब्याच्या प्लॉटची जाहिरात आली. परिच्छेद गेला, फोटो राहिला. पान लावणाऱ्याने तो लेखाच्या नायकाला दिला. झुपकेदार टोपी, सोनेरी बटणांचा कोट, सॅक्सोफोन. पान कृष्णधवल होते. शंका कोणालाही आली नाही.

सोमवारी सकाळी कसबा बावड्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला.

"आमच्या आप्पांस्नी मारलंसा व्हय? हितं माझ्याम्होरं च्या पित्यात त्ये! आन् पावणं-रावळं दारात येऊन बसल्यात. त्यास्नी काय सांगू, अमेरिकेत गेलं म्हणून?"

जिवंत बँडवाल्याला चार ओळी नाकारणाऱ्या संपादकांनी मेलेल्या बँडवाल्याकडे तातडीने लक्ष दिले. नोटीस येण्याआधी खुलासा जायला हवा होता.

"पूर्ण द्या. एक शब्द कापू नका," ते म्हणाले.

खुलासा तळाकडून कापत नाहीत. वर्तमानपत्रातला तेवढाच मजकूर सुरक्षित असतो. मी त्यात त्यांचे पूर्ण नाव, गाव, वाद्य आणि बँडमधली चाळीस वर्षे लिहिली. 'ते हयात असून आजही उत्तम सॅक्सोफोन वाजवतात', असेही लिहिले. आठ महिन्यांत एखाद्या वादकाच्या वादनाबद्दल मी लिहिलेले आणि छापून आलेले हे पहिलेच वाक्य होते. बुधवारी चौकटीत आले.

गुरुवारी त्यांनी चौकट कापून अर्जाला जोडली. कारकुनाने ती दोनदा वाचली आणि हयातीचा दाखला वेगळा आणायला नको, असे सांगितले.

महिन्याभराने सदर बंद झाले. कोपरा राशिभविष्याला गेला.

मानधनाची यादी यंदा लागली. त्यांचे नाव आहे. कलाप्रकाराच्या रकान्यात 'सनई' असे छापले आहे.