सुहास लोणीला येऊन गेला होता

माझ्या कामात एक साधा नियम आहे. एखादा घोळ पुन्हा घडवून दाखवता आला तरच तो घोळ, नाहीतर तो सांगणाऱ्याचा भास. इतकी वर्षं याच नियमावर पगार घेतेय. त्यामुळे चाहूल लागणं, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काहीतरी सांगणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझा नवरा सुहास तर माझ्याही पुढचा. कुणी असा किस्सा सांगायला लागलं की तो शांतपणे सगळा ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "बरं, मग त्या भुताने पुढे काय केलं? नुसतंच उभं होतं? रिकामटेकडंच दिसतंय." सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, दुसरं काय बोलणार.

माझी मावसबहीण तुमचं हे वाचकांच्या अनुभवांचं सदर न चुकता वाचते. तिच्या आग्रहामुळे लिहितेय. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच आहे.

मी मीनल. माहेर अमरावतीचं, नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलीच झाले. कात्रजला राहते. ऑफिस बाणेरला. आमची कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते – कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, कुठली कुणाला दिली, कुठलीची मुदत संपत आली, हे सगळं त्यात असतं. त्यातले घोळ शोधायचं, म्हणजे टेस्टिंगचं काम माझं. सुहासही तिथेच होता. तिथेच ओळख झाली, लग्न झालं. डेटाबेसची सगळी बाजू त्याच्याकडे होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला आणि उठलाच नाही. हार्ट अटॅक. त्यानंतर त्याचं काम माझ्याकडे आलं. त्याची खुर्चीही मलाच घे म्हणाले होते, ती मी घेतली नाही.

तर... डेटाबेस ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपला प्रोग्रॅम आणि माहितीचं कोठार यांच्यामधला दुभाषा. प्रोग्रॅम म्हणतो ही नोंद कर, ड्रायव्हर ते कोठाराला त्याच्या भाषेत सांगतो आणि 'झाली' असं उत्तर घेऊन येतो. आमचा जुना ड्रायव्हर बंद पडणार होता, म्हणजे त्याच्या दुरुस्त्या यायच्या थांबणार होत्या. नवा एक सापडला होता. लोणी काळभोरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शुभांगी मॅडमनी लिहिलेला, सगळ्यांना मोफत. वेगवान होता, कोड वाचायला सुरेख. आमच्या सगळ्या चाचण्या त्याने पास केल्या. आता तो खऱ्या रक्तपेढ्यांमध्ये लावायचा की नाही, हे मी ठरवायचं होतं.

"अगं, सगळं हिरवं दिसतंय की स्क्रीनवर," आमचा मॅनेजर नितीन म्हणायचा. "गो की नो-गो, एवढंच सांग. रोज काय बघतेस त्यात?"

काय बघत होते ते मलाही सांगता आलं नसतं. खरं सांगायचं तर मला सुहास हवा होता. अशा वेळी तो दुपारी जेवणानंतर माझ्या टेबलाशी यायचा, स्क्रीनकडे न बघता खिडकीबाहेर बघत एखादाच प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नाने माझा आठवडा वाया जायचा. चिडायचे मी त्याच्यावर. आता 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं आणि मला माझ्या 'हो'चा भरवसा वाटत नव्हता. घरी डबा भरतानासुद्धा मनात त्यालाच विचारायचे – सांग ना, लावू का?

शेवटी शुभांगी मॅडमना मेल केला, प्रत्यक्ष भेटायचं आहे म्हणून. त्यांनी बुधवारी दुपारी बोलावलं.

स्कूटर हडपसरच्या पुढे सोलापूर हायवेला लागली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कॉलेजच्या मागे उसाची शेतं, आत दुसऱ्या मजल्यावर लॅब. मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. कॉटनची साडी, केसांत पेन खोचलेलं. मला बघून उठल्या आणि माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाल्या,

"या या. एकट्याच आलात? मला वाटलं सर पण येतील."

"कोण सर?" मला वाटलं, नितीनने परस्पर काही ठरवलं की काय.

"तुमच्या कंपनीचे सुहास सर. मागच्या आठवड्यात येऊन गेले ना! त्यांनी पाठवलं नाही का तुम्हाला?"

सुहास हे काही फार वेगळं नाव नाही. मी स्वतःला तेच सांगितलं. आमच्याकडे दुसरा सुहास नाही हे माहीत असूनही सांगितलं. म्हटलं, "ते काय म्हणाले?"

"अहो, काय म्हणाले काय! माझी झोप उडवली त्यांनी." मॅडम हसत होत्या. "त्या खिडकीशी बसले. मी अर्धा तास कौतुकाने सगळं दाखवलं. ते बाहेर उसाकडे बघत होते. मला वाटलं, लक्षच नाहीये. आणि मग म्हणाले, 'नोंद पोचली, पण पोचल्याचं उत्तर यायच्या आधी वायर निघाली, तर तुमचा हा काय करतो?' मी म्हटलं, परत पाठवतो. तर म्हणाले, 'वा. म्हणजे एकाच माणसाला दोनदा जेवायला वाढतो आणि दुसऱ्याला सांगतो भात संपला.'"

शब्द तर त्याचे होतेच, पण ते खिडकीबाहेर बघणं...

आणि प्रश्न बरोबर होता. आम्ही लाइन तोडून पाहिली होती, पण नोंद निघायच्या आधी. नोंद पोचल्यावर लाइन तुटली तर हा ड्रायव्हर तीच नोंद गुपचूप दुसऱ्यांदा करत होता. म्हणजे दिलेली पिशवी एक, हिशेबात दोन. फ्रीजमध्ये एखाद्या दुर्मीळ गटाची शेवटची पिशवी ठेवलेली असताना कॉम्प्युटर सांगणार, संपलं. आणि दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाला रक्तपेढीवाले दुसरीकडे पळायला लावणार.

मी मोबाइल काढला. गॅलरीत त्याचे फोटो उघडायला मला अजूनही वेळ लागतो. आमच्या ऑफिसच्या सहलीतला एक ग्रुप फोटो दाखवला, त्यात तो कुठला ते न सांगता. मॅडमनी सरळ त्याच्यावर बोट ठेवलं.

"हेच की. फक्त इथे चष्मा वेगळा आहे. आता घालतात तो जास्त शोभतो त्यांना. काळी फ्रेम आणि बाटलीसारख्या हिरव्या काड्या."

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. तो चष्मा सुहासने कधी घातलाच नाही. जायच्या काही दिवस आधी त्याने तो टाकला होता बनवायला. हिरव्या काड्यांवरून मी त्याला चिडवलंही होतं. दिवस-कार्य झाल्यावर दुकानातून फोन आला, "साहेबांचा चष्मा तयार आहे, घेऊन जा." मी एकटी जाऊन घेऊन आले. दुकानदाराला काही सांगितलं नाही, घरीही कुणाला नाही. कपाटात ठेवला. त्या चष्म्यातला सुहास कुणी पाहिलेला नाही. मीसुद्धा नाही.

तेवढ्यात लॅबचे शिपाई चहा घेऊन आले. मॅडम सहज म्हणाल्या, "मामा, मागच्या आठवड्यातल्या सरांच्या ऑफिसातल्या आहेत या."

"ते उंच साहेब व्हय?" मामा म्हणाले. "बिनसाखरंचा चा मागितला हुता त्यांनी. लई निवांत मानूस."

दोन माणसांनी पाहिलं होतं. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली.

अशा वेळी माणूस घाबरतो असं वाचलं होतं. मला भीती अजिबात वाटली नाही. मला जे वाटलं ते फार वेगळं होतं... मला त्या बाईचा हेवा वाटला. तिच्यासमोर तो अर्धा तास बसला होता. मी सांगायला हवं होतं की अहो, तो माणूस नाहीये आता. पण तोंडातून निघालं ते असं –

"दमलेले दिसत होते का ते?"

"नाही हो. छान होते."

"बारीक झालेत का? जेवले होते का इथे काही?"

मॅडम जरा चमकल्या. ऑफिसातली बाई असे प्रश्न का विचारतेय, असं त्यांना वाटलं असणार. पण सांगितलं त्यांनी. "जेवणाचं मी विचारलं, तर म्हणाले भूक नाही. आणि निघताना म्हणाले, 'हो-नाही काय ते मीनल सांगेल. ती हो म्हणेपर्यंत हे कुठे लावू नका. मी उगाच प्रश्न विचारतो, उत्तर तिलाच सापडतं.'"

असं तो मला कधीच म्हणाला नव्हता. सबंध संसारात नाही.

मी विचारलं, त्या खुर्चीवर जरा बसू का? मॅडमनी लगेच मशीन त्या टेबलावर वळवून दिलं. गेला आठवडाभर त्या दुरुस्तीवरच काम करत होत्या. मी जुनी आवृत्ती चालवली, नोंद पाठवली, उत्तर यायच्या आत स्वतःच्या हाताने नेटवर्कची केबल काढली. नोंद दोनदा. पुन्हा केलं, पुन्हा दोनदा. मग दुरुस्त केलेली चालवली. तिने लाइन परत आल्यावर आधी विचारलं, माझी नोंद पोचली होती का? आणि मग थांबली. एकच नोंद. बाहेर उसावरून वारा येत होता. मी संध्याकाळपर्यंत केबल काढत-लावत बसले. काम होतं म्हणून, आणि उठवत नव्हतं म्हणूनही.

घरी येऊन पर्ससकट कपाटापाशी गेले. चष्म्याची डबी होती तिथेच, मागच्या खणात, पुसायच्या कापडाच्या घडीसकट. मी अगदी बारकाईने पाहिलं. कुठे बोटाचा ठसा, थोडी सरकलेली काडी, काहीतरी... तसूभरही हललेली नव्हती. ती डबी हातात घेऊन मी त्या दिवशी जी रडले, तशी तो गेला तेव्हाही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नितीनला सांगितलं, "नो-गो. दुरुस्त केलेली आवृत्ती येईपर्यंत नाही."

"घोळ सापडला कसा पण? एवढ्या टेस्टमध्ये नाही दिसला."

"प्रश्न सुहासचा आहे," मी म्हटलं. त्याला वाटलं जुन्या कुठल्या चर्चेतलं असेल. मान हलवून गेला.

पुढे तो ड्रायव्हर नीट तपासून आधी एकाच रक्तपेढीत लावला, मग हळूहळू बाकीच्या. आता सगळीकडे चालू आहे. लाइनी तुटतात, परत येतात, नोंदी एकाच्या दोन होत नाहीत.

मी खुलासा शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कुणी त्याचं नाव वापरून गेलं म्हणावं तर चेहरा? मॅडमना त्याचा फोटो कुठे दिसला असेल म्हणावं, तर तो चष्मा? कंपनीतल्या एकेकाला आडून आडून विचारलं, लोणीला कुणीच गेलं नव्हतं. माझा सगळा व्यवसाय कारणं शोधण्याचा, आणि इथे मला एकही टिकणारं कारण सापडलेलं नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न... यायचंच होतं तर कात्रजचं घर काय वाईट होतं? मी रोज तिथेच असते.

शुभांगी मॅडमना मी अजून खरं सांगितलेलं नाही. फोनवर त्या 'सर कसे आहेत?' असं विचारतात. सगळे त्याच्याबद्दल 'होता' म्हणतात, त्या एकट्या 'आहेत' म्हणतात. ते ऐकायला मी कधीकधी काम नसतानाही फोन करते.

मागच्या महिन्यात त्यांचाच फोन आला. ड्रायव्हरची नवी आवृत्ती तयार होतेय. म्हणाल्या, "सरांनी एकदा नजर टाकली असती तर बरं झालं असतं. येतील का हो ते परत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "मॅडम, आले ना, तर तुम्ही काहीही करा, पण त्यांना बसवून ठेवा. ड्रायव्हरबद्दल काहीतरी विचारत राहा, चुकीचं असलं तरी चालेल. चूक दिसली की ते उठत नाहीत. आणि मला लगेच फोन करा. मी निघतेच."