खिडकीताईंना विचारा

मी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात होतो. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवलं, स्वतः लिहायची वेळ फारशी आली नाही. हे कितपत जमेल ठाऊक नाही, पण खिडकीताईंबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

चौकशीच्या खिडकीत बसायच्या म्हणून खिडकीताई. त्यांच्याकडे येणाऱ्या वाचकाला बहुतेक वेळा पुस्तकाचं नावच माहीत नसायचं. एकाला जळून गेलेल्या शाळेचा फोटो हवा होता. तो निघाला साबणाच्या कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरात. बुजवलेल्या कालव्याचा नकाशा कुठे, तर साथीच्या रोगावरच्या एका डॉक्टरच्या अहवालात, अगदी शेवटी. असं काही हाती लागलं की ताई आमच्या आतल्या साइटवर नोंद करायच्या. ही साइट फक्त कर्मचाऱ्यांसाठी होती. वाचकाने काय मागितलं, कुठे कुठे शोधलं, शेवटी कुठे मिळालं, सगळं त्या लिहून ठेवायच्या.

एकदा त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. मी पुठ्ठ्याला खळ लावत होतो.

"भाऊ, काल मला त्या कालव्याचं काही आठवेचना."

"वयात होतं असं. मी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो."

"तसलं नाही हो. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली. मग आम्ही गेलो." एवढं बोलून त्या हसल्या. मला काही हसता आलं नाही. "नोंदी आहेत म्हणून धीर आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या सापडायला हव्यात ना! कुणाला सांगू नका हं. खिडकीतून उठवतील."

साइटवर तेव्हा शोधायची जी सोय होती, तिच्याने काही म्हणजे काही सापडत नसे. म्हणून नवी घ्यायचं ठरलं आणि संगणक विभागाच्या बाईंनी दोन आणल्या. साइट उघडली की डावीकडे एक चौकट, उजवीकडे दुसरी. डावी झटपट चालायची, पण जी पानं लोक वापरतात तेवढ्यांतच ती शोधणार, बाकीची सोडून देणार. उजवी जरा रखडत चालायची, पण कानाकोपऱ्यातलं सगळं वाचायची.

"काही दिवस दोन्ही राहतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय शोधता ते मशीनच टिपेल. त्यावरून ठरवू. वाद नकोत."

ऐकायला अगदी रास्त वाटलं.

ताई प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन म्हणू लागल्या, "माझ्या नोंदी शोधत जा हो जरा. उजव्या चौकटीत." काउंटरवर आमचा रेडिओ होता. अखंड बोलायचा, म्हणून ते नाव. तो म्हणाला, "ताई, तुम्ही असताना चौकट कशाला? डावीकडे तुम्ही, उजवीकडे तुम्ही! तुम्हाला फोन केला की झालं." सगळे हसले. ताईंचं कौतुकच होतं ते.

आणि तेच होत राहिलं. वाचकाने काही विचारलं की रेडिओचा हात सवयीने फोनकडे जायचा आणि ताई उत्तर द्यायच्या. आठवत नसेल तेव्हा पटकन स्वतःची नोंद उघडायच्या. ती कुठल्या पानावर असते हे त्यांना अजून माहीत होतं, त्यामुळे चौकटीची गरज त्यांनाही पडत नसे.

एकदा मी शिवलेले खंड घेऊन गेलो होतो, तेव्हा फोन वाजला. ताईंनी हात मागे घेतला. "वाजू दे. आज शोधू दे त्याला."

फोन वाजून वाजून थांबला. खिडकीतून काउंटर दिसत होतं. पिशवी छातीशी धरलेल्या एका म्हातारीला रेडिओने मान हलवून नाही म्हटलं. म्हातारी दाराकडे वळली. तोवर ताई उठल्यासुद्धा होत्या. "अहो बाई, थांबा, थांबा!" करत दारापर्यंत धावल्या. त्यानंतर त्यांनी फोनची दुसरी घंटा कधी होऊ दिली नाही.

बैठकीत बाईंनी पडद्यावर दाखवलं, आम्ही काय काय शोधलं ते. रजेचा अर्ज. पगारपत्रक. सुट्ट्यांची यादी. पुन्हा रजेचा अर्ज.

"या चौकशीच्या नोंदी पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या, "पण त्यात कुणी शोधतच नाही. एकदाच शोध झालाय. बांधणी विभागातून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रेडिओ म्हणाला, "भाऊ एका बोटाने टाइप करतात. एका शोधात जेवणाची सुट्टी संपली असणार!"

"लोक मला विचारतात," ताई म्हणाल्या. "म्हणून शोधत नाहीत."

"तेच तर!" मोठे साहेब प्रेमाने म्हणाले. "तुम्ही आहात ना, ताई. मग काळजी कसली?"

मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझ्याकडे पाहून मानेनेच नको म्हटलं.

डावी चौकट कायम झाली. चांगली आहे. एक अक्षर टाइप केलं की रजेचा अर्ज समोर येतो.

निवृत्तीची वाट न पाहताच ताईंनी नोकरी सोडली. तब्येतीचं कारण दिलं. पुढे एक माणूस आला. फार पूर्वी एक होडी उलटून बुडाली होती, त्यात त्याचे आजोबा गेले होते. मेलेल्यांची नावं कुठे छापली होती का, एवढंच त्याला हवं होतं. ताईंनी हे पूर्वी कुणाला तरी काढून दिलं होतं, एवढं रेडिओला आठवलं. कुठून, ते नाही. त्याने खिडकीचा नंबर लावला आणि फोन वाजायला लागल्यावर त्याला भान आलं. चौकट म्हणाली, काही सापडलं नाही. संगणकवाल्या बाई म्हणाल्या, "पानं आहेत सगळी, कुठे गेली नाहीत. पण कुठलं पान ते सांगावं लागेल."

रेडिओने मला बोलावलं. मी ताईंच्या घरी फोन लावला. लेकीने त्यांच्या हातात दिला.

"ताई, मी बांधणीतला भाऊ."

"बोला ना!" आवाज थेट खिडकीतला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचक थांबलाय का?"

"थांबलाय."

"मग नोंदीत बघा की. मी लिहून ठेवलंय."

"नोंदी सापडत नाहीत, ताई."

"असं कसं? लिहिलंय मी. नीट शोधा." आणि मग अगदी अदबीने, "आपण कोण बोलताय?"

मी फोन ठेवला. तो माणूस दाराशी पोचला होता. रेडिओ अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. थांबा म्हणायला आमच्याकडे काही नव्हतं.