चाक थांबायचं नाही

माझी थोरली जाऊ तुळजाबाई, मी तिला ताई म्हणते. तिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या विश्रांतवाडीत सापडायची नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. आमच्या शेतांवर आता बारा मजली सोसायट्या उभ्या आहेत, पण चैत्रात भैरोबाचा छबिना निघाला की तेवढ्यापुरतं आमचं गाव पुन्हा गाव होतं. रस्ते वाहनांनी भरले तेव्हापासून देव सासऱ्यांच्या जुन्या पिकअपमध्ये बसतो. ती गाडी थोरले भावजी, भैरू, चालवायचे. गेल्या दिवाळीत ते गेले आणि गाडी ताईच्या हातात आली.

रीत एकच, पण कडक. देव वेशीतून निघाला की देवळात पोचेपर्यंत चाक थांबायचं नाही, आणि पुढे कलश घेऊन अनवाणी चालणाऱ्या बायकांना गाडीचा धक्काही लागायचा नाही. चाक थांबलं, तर देव दुसऱ्या गाडीत बसणार आणि मान त्या घरी जाणार. कायमचा.

आणि जत्रा तोंडावर आली असताना, उरल्या तुकड्यातली कोथिंबीर मंडईत टाकून ताई परत येताना येरवड्यात गाडी कडाकडा वाजून बसली. गिअरबॉक्सचे दात गेले.

माझे यजमान हिंदुराव जत्रा कमिटीचे अध्यक्ष. ते लगेच म्हणाले, "वहिनी, नाद सोडा आता. आपल्या पृथ्वीराजची नवी पिकअप हाय की. मान घरातच राहतोय."

"तुमच्या घरात, भावजी. माझ्या नाही."

आमच्या चुली कधीच्या वेगळ्या झाल्यात, तेव्हा बोलणं खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला जास्त झोंबलं. पृथ्वीराज माझा मुलगा. त्याच्या गाडीत देव बसावा असं मला का वाटू नये?

येरवड्याचा बाळ मेस्त्री म्हणाला, तसला बॉक्स आता मिळत नाही, दुसरा काहीतरी बसवावा लागेल. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: नव्या गाडीचा पाच गिअरचा टाका. पृथ्वीराजही म्हणाला, "मोठ्याई, लोण्यासारखा पडतो गिअर." बाळने बसवला. आम्ही आळंदी रस्त्याला चक्कर मारली. अगं बाई, म्हातारी गाडी काय पळाली! पृथ्वीराज खिडकीतून ओरडत होता. बाळने कपाळाचा घाम पुसला आणि चहा मागवला.

ताईने चहा न घेताच गाडी घराकडे वळवली. गल्लीत आल्यावर मला म्हणाली, "शालन, खाली उतर. डोक्यावर घागर घे आणि माझ्यापुढं चाल."

"भर दुपारी? वेड लागलंय का तुला?"

"चाल म्हणते ना."

चालले. बंपर माझ्या टाचेशी आला. तिने क्लच दाबला, सोडला, परत दाबला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत क्लच जळाल्याचा वास सुटला. पहिला गिअरच माणसाच्या चालीपेक्षा जोरात पळत होता. आम्ही शहाण्यांनी गाडी किती पळते ते बघितलं, आणि तिला तर रांगायचं होतं.

"काढ," ताई बाळला म्हणाली.

"मावशी, घालताना दोन दिवस गेलेत."

"मग काढायला एक पुरे."

बाळने कपाळावर हात मारला, पण काढला. दुसऱ्या दिवशी मला आणि बाळला बरोबर घेऊन ती भंगारवाल्यांच्या दारात. प्रत्येक बॉक्स पहिल्या गिअरला टाकायचा, पुढचा दांडा हाताने फिरवायचा आणि मागचा किती हळू वळतो ते बघायचं. मागचा लगेच वळला की ती पुढच्या ढिगाकडे. माझं डोकं उठलं होतं. शेवटी जुन्या मालट्रकचा चार गिअरचा बॉक्स निघाला, जड आणि गंजका. पुढचा दांडा फिरवून फिरवून तिचा हात भरून आला, तेव्हा कुठे मागच्याने एक फेरा पुरा केला.

"हाच," ती म्हणाली.

"अहो मावशी, हा रडतो. आणि तिशीच्या वर पळायचा नाही," बाळ म्हणाला.

"रडू दे की. पळायचंय कुणाला?"

छबिन्याच्या दिवशी संध्याकाळी देव गाडीत बसला आणि तो बॉक्स असा घुरघुरला की हलगीवाले मागे वळून बघायला लागले. मी कलश घेऊन पुढे होते. मागे पृथ्वीराजची नवी गाडी हार घालून तयारच. ओढ्याच्या पुलाचा चढ आला, तसे यजमान माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "जरा दमानं चाला." मी पावलं आखडली. गाडी मागे, धक्का नाही. ते पुन्हा म्हणाले, "अजून दमानं." मी अजून आखडली. वळून बघितलं तर ताईने दोन्ही पाय पेडलवरून उचलून सीटवर घेतले होते, नुसतं स्टिअरिंग धरून बसली होती, आणि गाडी आपली आपण मुंगीच्या पावलाने चढत होती. पण मुंगीलाही पुढं वाट मोकळी लागते. मी उभी राहिले असते, तर तिला ब्रेक मारावाच लागला असता आणि देव माझ्या लेकाच्या गाडीत आला असता. यजमानांनी मला डोळ्याने तेच खुणावलं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, लाज वाटते का?" मी भर रस्त्यात ओरडले. "देवाला चालू द्या!" आणि कलश सावरून मी नेहमीच्या चालीने पुढे निघाले. बाकीच्या बायका माझ्यामागे, आणि बायकांमागे ती घुरघुर.

देवळाच्या दारात गाडी लागली. यजमानांचा चेहरा पडला होता, पण अध्यक्ष म्हणून पुकारायचं काम त्यांचंच. माईक घेऊन म्हणाले, "यंदाचा मान, कैलासवासी भैरू यांच्या..."

"भावजी," ताई स्टिअरिंगवरूनच म्हणाली. आवाज चांगला मोठा होता. "गाडी कुणी आणली?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. त्यांनी घसा खाकरला आणि गावाच्या देवळात पहिल्यांदाच एका बाईचं नाव मानकरी म्हणून पुकारलं गेलं.